हिरव्या कागदाची अट

तुम्ही रेजिनाचं तोंड बंद केलंत, साहेब, आणि ते माझ्या सहीनं केलंत. काचेच्या पलीकडे पाठ करून फोनवर बोलत बसलात म्हणून मी तुम्हाला ओळखणार नाही असं समजू नका. तिला पाठवलेल्या पत्राखाली ती लांब शेपटीची सही आहे ना, ती तुमची. मी तुमचं तोंड अजून बघितलेलं नाही, टक्कल आणि निळी कॉलर एवढंच बघितलंय, पण सही रोज बघते. नऊ दिवस झाले. आज सकाळी साडेदहापासून या बाकावर बसलेय, अर्ध्या दिवसाचा खाडा लागला, अठ्ठावन्न रुपये गेले, आणि खालच्या मिठाईवाल्याचं तेल तापायला लागल्याचा वास जिन्यातून वर येतोय. मागच्या महिन्यात पहिल्यांदा आले तेव्हाही हाच वास होता. तेव्हा मला तो चांगला वाटला होता. वाटलं, वसई स्टेशनासमोर, जिलबीच्या दुकानावर ज्यांचं कर्ज मिटवून द्यायचं ऑफिस आहे ते लोक काय वाईट करणार आपलं.

सात एप्रिलची गोष्ट. पगाराचा दिवस. गोखिवऱ्याला आमची कंपनी म्हणजे प्लास्टिकच्या फायली बनवायचा गाळा. पायानं दाबायची मशीन, दोन पारदर्शक तुकडे खाली सरकवायचे, पाय दाबायचा, कड चिकटते, काठ ओढून टाकायचा, की झाली फाईल. पायाचा अंगठा नऊ वर्षांत वाकडा झालाय. माझ्या मशीनच्या डाव्या हाताला रेजिना. तीही नऊ वर्षं. आम्ही बारा बायकांनी भिशी लावलेली, महिन्याला पाचशे, आणि भिशी रेजिना चालवते. पगार झाला की जेवणाच्या सुट्टीत ती तिची लाल वही काढते, एकेक जण पाचशे देते, ती फुली मारते, आणि जिची पाळी असेल तिच्या हातात सहा हजार पडतात. त्या दिवशी हंसानं दिले. बाकीच्यांनी दिले. मी पाचशेची नोट पुढे केली. रेजिनानं घेतली नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं तिचं लक्ष नाही, दुसऱ्या दिवशी त्यांचा ईस्टर, डोक्यात घरची कामं असणार. मी म्हटलं, "अगं धर की." ती वहीकडे बघत राहिली. माझ्या नावापुढे फुली मारली, कमरेची पिशवी उघडली, स्वतःच्या पाकिटातली पाचशेची नोट काढून त्यात टाकली. मग डब्याखालून एक घडी केलेला कागद काढला, माझ्या मांडीवर ठेवला आणि हात धुवायला उठून गेली. माझा हात तसाच. नोट धरलेला. बाकीच्या दहा बायका बघत होत्या. आपला हात आपलाच आहे की नाही असं वाटतं ना कधी कधी, बधिर झाल्यावर, तसं मला वाटलं. हात मागे घ्यायचा असतो हेच आठवेना.

कागद इंग्रजी. वर तुमचा शिक्का. मला इंग्रजी अक्षरं लागतात, वाक्य लागत नाही. पण माझं नाव लागलं. जयवंती. आणि रेजिनाचं नाव लागलं, आणि गास, तालुका वसई, घर नंबरासकट. तो घर नंबर मीच लिहून दिला होता. हंसा मागून म्हणाली, "वकिलाचा कागद आहे तो. गुरुवारी तिच्या घरी आला, रजिस्टर्ड. सासऱ्यानं सही करून घेतला. वाडीभर झालंय." मी म्हटलं, "काय लिहिलंय?" ती म्हणाली, "ते तू सांग. तुझ्याच वकिलानं लिहिलंय." आणि मग सगळ्यांकडे बघून, "आता जयवंतीकडे मीठ मागायचं तर आधी स्टँप पेपर आणा गं बायांनो." दोघी-तिघी हसल्या. हंसाला तो अधिकार आहे. गेल्या जुलैत पहिली चिठ्ठी तिची निघाली होती, आणि रेजिनानं तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, तुझं थांबण्यासारखं आहे, हिच्या दारात माणसं उभी राहतायत, हिला आधी उचलू दे. हंसा कुरकुरली पण थांबली. पहिले सहा हजार मी उचलले. शेवटचे रेजिनाचे. तिची चिठ्ठी कधी टाकतच नाहीत. भिशी चालवणारीनं शेवटी उचलायचं हा आमच्यातला रिवाज, म्हणजे मध्येच कोणी बुडाली तर जी चालवते तिचं बुडावं, दुसरीचं नाही. यंदा तिची पाळी जूनमध्ये. पंधरा जूनपर्यंत टिफनीच्या, तिच्या मुलीच्या, नर्सिंगच्या जागेसाठी सहा हजार भरायचेत. ते मला माहीत होतं. ते माहीत असून मी तुमच्या फॉर्मवर तिचं नाव लिहिलं.

का लिहिलं ते सांगते. तुम्ही विचारणार नाही, पण मी सांगते. तीन क्रेडिट कार्डं होती आमची. श्रीरंग, माझा नवरा, अंधेरीला कुरियर कंपनीत क्लार्क, त्याच्या ऑफिसखाली टेबल टाकून टाय लावलेली पोरं बसायची, फुकट बॅग द्यायची. बॅगेसाठी घेतलं पहिलं कार्ड. ती बॅग अजून आहे, चेन तुटली. मोठं काही केलं नाही आम्ही. फ्रिज. नणंदेच्या लग्नात पंगतीचा निम्मा खर्च. मनवेलपाड्याच्या खोलीला स्लॅब गळत होता, त्याचं वॉटरप्रूफिंग. आणि मग दर महिन्याला बिलावर दोन आकडे, एक मोठा, एक छोटा, छोट्याखाली लिहिलेलं, एवढे भरले तरी चालेल. चार वर्षं आम्ही तो छोटा आकडा भरला आणि स्वतःला प्रामाणिक समजलो. एकदाही चुकवला नाही. मोठा आकडा तेवढाच राहिला, मग वाढला. श्रीरंग म्हणायचा, "बँकेनंच सांगितलंय ना एवढं भरा, मग आपण भरतोय, आणखी काय?" त्याच्या आवाजात एक शाळकरी खात्री असायची, आणि मी ती खात्री अंगावर पांघरून झोपायचे. मग श्रीरंगला कावीळ झाली, दोन महिने पगार अर्धा, छोटा आकडाही चुकला, आणि वसुलीचा फोन सुरू झाला.

तो फोन. तुमच्या टेबलावर जो आहे तसाच, पांढरा. सकाळी भाताला पाणी ठेवलं की वाजायचा. आवाज गोड. हिंदीत, अदबीनं. "मॅडम, गले में कुछ तो होगा ना?" मी आधी समजलेच नाही. समजले तेव्हा गळ्याला हात गेला आणि फोनवरच्या माणसाला तो हात दिसला असं वाटलं. मग ते दारात यायला लागले, शेजारच्यांना विचारायचे, इथे ते पैसे बुडवणारे राहतात ना, तेच ना. फोन उशीखाली ठेवला तरी उशीतून वाजायचा. वाजत नसला तरी वाजायचा. मशीनवर पाय दाबला की जो बारीक आवाज येतो त्यातही मला तो ऐकू यायला लागला. त्या दिवसांत रेजिना एकटी मला विचारायची, "बाय, आज किती वेळा?" मी बोटं दाखवायचे. पाच. सात. ती तिच्या डब्यातला सुक्या बोंबलाचा एक तुकडा जास्त वाढायची, सात वेळा फोन आल्याची भरपाई असल्यासारखा.

मार्चमध्ये श्रीरंगनं पेपरातली तुमची जाहिरात कापून आणली. आलो आम्ही दोघं. तुमच्या इथल्या सुरुची मॅडमनी पाणी दिलं, खुर्ची दिली. आठ महिन्यांत मला पैशाच्या माणसानं पहिल्यांदा खुर्ची दिली होती. त्यांनी तीन कागद मांडले. पिवळा, निळा, हिरवा. पिवळा म्हणजे सगळी कर्जं फेडायला एकच नवं कर्ज, त्याला खोलीचे कागद गहाण. श्रीरंग तिथेच नाही म्हणाला. निळा म्हणजे तुम्ही बँकांशी बोलून व्याज खाली आणणार, आम्ही पाच वर्षं महिन्याला बेचाळीसशे भरणार, सगळं पुरं फेडणार. हिरवा म्हणजे भरणं बंद. सगळ्यांचं बंद. त्याऐवजी तीन हजार महिन्याला तुमच्याकडे साठवायचे, दीड-दोन वर्षांनी त्यातून तुम्ही एकेकाला चाळीस टक्के देऊन गप्प करणार. मॅडमनी आमचा खर्च लिहून घेतला. पाणी असं मी सांगितलं तर म्हणाल्या, "पाणी मेंटेनन्समध्ये येतं ना?" मी म्हटलं, टँकर येतो, जानेवारी ते जून, दीडशे द्यावे लागतात. त्यांनी बाराही महिन्यांचं लिहिलं. मी भिशीचे पाचशे सांगितले. तेही बाराही महिन्यांचे लिहिले. मग कॅल्क्युलेटर फिरवून म्हणाल्या, "निळी तुम्हाला बसत नाही, सातशेनं तोकडी पडते. तुमच्या उत्पन्नाला हिरवीच बसते." ब्लाउजचं माप घेतात तसं. मी मान हलवली. परवा रात्री उठून मी तेच गणित बिलाच्या पाठीवर केलं. जूनमध्ये भिशी संपते. जूनमध्ये टँकर संपतो. साडेसहाशे. जुलैपासून निळी योजना पन्नास रुपयांनी तोकडी होती, साहेब. पन्नास. तेवढे मी चहा सोडून काढले असते. तीन महिने थांबा, एवढं मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण खरं सांगू का, मी माप बघतच नव्हते. हिरव्या कागदावर खाली मराठीत एक ओळ होती, जाड अक्षरात: यापुढे तुम्हाला कोणाशीही बोलावे लागणार नाही. मी त्या ओळीवर सही केली. योजनेवर नाही, त्या ओळीवर.

आणि फॉर्म. मॅडम म्हणाल्या, "कोणाकोणाचं देणं आहे ते सगळं लिहा. बँक, दुकान, नातेवाईक. लपवू नका, लपवलं तर प्रोग्रॅम चालत नाही." ते ऐकलं आणि मला रेजिना आठवली. त्याच आठवड्यात ती चर्चमध्ये पापनिवेदन करून आली होती, उपासाचे दिवस होते त्यांचे. मी तिला मस्करीत विचारलं होतं, सगळं सांगतेस की निवडून निवडून? ती काठ ओढता ओढता म्हणाली, "एक जरी मुद्दाम मागे ठेवलं ना, तर मग सांगितलेलंही धरत नाहीत." ते मला फार आवडलं होतं. दोन दिवस डोक्यात फिरत होतं. तेव्हा तिन्ही कार्डं लिहून झाल्यावर माझं पेन थांबलं आणि मी चौथी ओळ लिहिली. रेजिना, भिशी, तीन हप्ते बाकी, पंधराशे. श्रीरंग म्हणाला, "ते कशाला? ते आपण देतोच आहोत." मी म्हटलं, "देणं आहे ते देणं आहे." किती बरं वाटलं मला ते लिहून. जिना उतरताना हलकी झाले होते. खाली शंभर ग्रॅम जिलबी घेतली आम्ही. मला वाटलं होतं तुम्ही ती यादी वाचाल. कोणीतरी वाचतं अशीच माझी समजूत. माणूस सगळं सांगतो तेव्हा समोरचा ऐकतो असं मी धरून चालले, आणि तुमच्याकडे तर ते नुसतं छापायच्या मशीनमध्ये जात होतं, चार ओळी, चार पत्रं.

फोन बंद झाला ते मात्र खरं. एका आठवड्यात. काय शांत वाटलं ते सांगता येत नाही. भात शिजल्याचा आवाज ऐकू यायला लागला. वरच्या मजल्यावरचा म्हातारा दिवसातून किती वेळा खोकतो ते कळलं. श्रीरंग म्हणाला, "बघ, पैसे देऊन शांतता विकत मिळते." आम्ही हसलो. तीच शांतता सात तारखेला माझ्या डाव्या हाताच्या मशीनवर येऊन बसली.

त्या संध्याकाळी श्रीरंगनं पत्र वाचलं. ओळ वाचायचा, थांबायचा, मराठीत सांगायचा. "डिअर सर ऑर मॅडम. आमच्या अशिलाची परिस्थिती हलाखीची असल्यामुळे..." मी म्हटलं, "हलाखीची कोण म्हणालं?" तो म्हणाला, "ऐक तर. तुमच्या पंधराशे रुपयांपोटी सहाशे रुपये फुल अँड फायनल, अठरा महिन्यांनंतर, हप्त्यांनी." मी हसले. मला खरंच हसू आलं. रेजिनाला सहाशे रुपये, हप्त्यांनी. मग तो पुढचं वाचेना. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "अशिलाकडून थेट कोणतीही रक्कम स्वीकारू नये. अशिलाशी तोंडी, फोनवर किंवा प्रत्यक्ष संपर्क साधल्यास तो छळ समजण्यात येईल आणि कायदेशीर कारवाई..." टँकर आला होता, खाली बादल्यांचा आवाज, कोणीतरी कोणाला तरी रांगेवरून शिव्या देत होतं. श्रीरंग म्हणाला, "हे बँकेसाठी असतं गं. एकच पत्र सगळ्यांना जातं." मी म्हटलं, "रेजिना बँक आहे का?" तो म्हणाला, "नाही." मी परत विचारलं. तो परत नाही म्हणाला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा उठून बादली घेऊन खाली गेला.

मी बसून राहिले आणि मला सत्यवती आठवली. किती वर्षांनी. राजापूरच्या खाली आमची वाडी. मी सात-आठ वर्षांची असेन. सत्यवतीच्या बापानं देवळाच्या जागेवरून गावाविरुद्ध कोर्टात कागद घातला, आणि गावानं ते घर वाळीत टाकलं. विस्तव द्यायचा नाही, पाणी द्यायचं नाही, बोलायचं नाही. बोलेल त्याला दंड. आईनं मला मागच्या पडवीत नेऊन सांगितलं, सत्यवतीशी बोललीस तर बाबांना पाच रुपये भरावे लागतील. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर सत्यवती माझ्यासाठी थांबली होती, रोजच्यासारखी, काजूच्या झाडाखाली. तिच्या हातात दोन बोंडं. एक माझं. मी तिच्या अंगावरून गेले. बोंडाचा रस तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलेला मी बघितला आणि गेले. मागून तिनं हाक मारली नाही. मारली असती तर मी वळले असते, असं मी स्वतःला पस्तीस वर्षं सांगत आलेय. वळले नसते. पाच रुपये होते ते. ते घर पुढे मुंबईला गेलं, मग कुठे गेलं कोणालाच माहीत नाही. मला वाटायचं ते मागासलेलं गाव होतं, अडाणी माणसं होती, मी शहरात आले, सुटले. आणि इथे ट्यूबलाइटखाली, कॉम्प्युटरवर, पाणी देऊन, खुर्ची देऊन, मी रेजिनाला तोच हुकूम पाठवला. माझ्याशी बोलशील तर दंड. फरक एवढाच की गावानं फी घेतली नव्हती.

सोमवारी सुरुची मॅडमना फोन केला. त्या नेहमीच्या गोड आवाजात म्हणाल्या, "ती आपली स्टँडर्ड प्रोसिजर आहे, मॅडम. यादीतल्या प्रत्येक क्रेडिटरला जातं. तुम्ही अधिकारपत्रावर सही केलीय." मी म्हटलं, ते परत घ्या, ती क्रेडिटर नाही, ती रेजिना आहे. त्या म्हणाल्या, "एकाला बाहेर काढलं तर प्रोग्रॅम मोडतो. भरलेली फी परत मिळत नाही. तसं करायचं तर साहेबांना भेटा." मग जरा आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्ही ते लिहायलाच नको होतं हो. भिशी कोणी लिहितं का?" त्या वाईट नाहीत, साहेब. पण लपवू नका असं त्याच म्हणाल्या होत्या. म्हणजे सगळ्यांना माहीत असतं की थोडं लपवायचं असतं, आणि मला एकटीला कोणी सांगितलं नव्हतं.

कंपनीत आठवडा कसा गेला ते विचारू नका. रेजिना डाव्या हाताला, एका हाताच्या अंतरावर. तिच्या मशीनचा पाय आणि माझ्या मशीनचा पाय, पूर्वी आमची लय जमायची, ती दाबायची तेव्हा मी सोडायचे. आता मी दाबते तेव्हा तीही दाबते आणि दोन्ही आवाज आपटतात. मी बोलून बघितलं. "रेजिना, मला माहीत नव्हतं." तिनं काठ ओढला. "अगं, मी खरं लिहायला गेले." काठ ओढला. तिच्या तोंडावर राग नव्हता, तेच मला सोसेना. राग असता तर बरं होतं. घाबरलेलं तोंड होतं ते. जपून बसलेल्या माणसाचं. मी जवळ सरकले की तिचे खांदे आकसायचे. माझी भीती. मला कोणी घाबरतं, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, आणि ती पहिली व्यक्ती रेजिना.

काल रविवारी गासला गेले. नालासोपाऱ्याहून रिक्षा केली, चर्चच्या अलीकडे उतरले. केळीच्या वाडीतून तिच्या घराची वाट मला पाठ आहे, चार नाताळ जेवलेय मी तिथे. ओट्यावर व्हॅलेरियन बसलेला, रेजिनाचा नवरा. पंचायतीत क्लार्क आहे. उठून उभा राहिला. नेहमी हसून या म्हणतो, काल नुसतं "बसा" म्हणाला. टिफनीनं पाणी आणून दिलं आणि माझ्याकडे न बघता आत गेली. त्या पोरीला मी पाळण्यापासून नाही, पण फ्रॉकपासून ओळखते. मी पंधराशे रुपये काढून ओट्यावर ठेवले, श्रीरंगच्या पगारातून आणलेले. म्हटलं, "व्हॅलेरियनभाऊ, हे तीनही महिन्यांचे. मिटवून टाका." त्यानं नोटांना हात लावला नाही. म्हणाला, "वहिनी, राग नाही आमचा. पण तीस वर्षं मी पंचायतीत कागद बघतोय. कागद आला तर कागदानंच परत जायला पाहिजे. मी आज हे घेतले आणि उद्या तुमच्या त्या कंपनीनं म्हटलं, मनाई असताना घेतले, तर? पोरगी नर्सिंगला जाणार. पोलिसाचा दाखला लागतो तिथे." मी म्हटलं, "मी आहे ना सांगायला." तो म्हणाला, "तुम्ही होता तरी कागद आला ना." "आणि सहा हजाराचं काय करणार?" मी विचारलं. "कमी पडतील ते बघू कुठून तरी," तो म्हणाला. "पण रेजिना जूननंतर भिशी चालवणार नाही. माझ्या बापानं उभ्या आयुष्यात वकिलाचा कागद सही करून घेतला नव्हता. ईस्टरच्या तोंडावर घेतला."

रेजिना आत होती. मला कळत होतं. तिच्या सपाता मला माहीत आहेत, डावी घासते. आतल्या दाराशी ती यायची, थांबायची, परत जायची. मी मोठ्यानं म्हटलं, "रेजिना, मी परत जाऊ?" घासणाऱ्या सपाता लांब गेल्या. मी पैसे उचलले आणि पायऱ्या उतरले. केळीच्या वाडीत पाट सोडलेला होता, वाट ओली होती, मी खाली बघून चालत होते. मागून टिफनी पळत आली. हातात डबा. माझाच डबा, गुड फ्रायडेच्या आधी रेजिनाकडे राहिलेला, झाकणाला पोचा आलेला. "आईनं दिलाय," म्हणाली. मी विचारलं, "काही म्हणाली?" पोरगी गोंधळली. मग म्हणाली, "नाही. आई काही म्हणाली नाही असं सांगायला सांगितलंय."

डबा जड होता. रिक्षात उघडला. सुकेळी, उन्हात वाळवलेली पिकी केळी. आमच्याकडे जसं रिकामं भांडं परत करत नाहीत तसं त्यांच्याकडेही करत नाहीत. पानात नीट बांधलेली, तिच्या सासूच्या हातची, मधासारखी झालेली, सहा. सहा कशाला ते मला माहीत आहे. मला तीन लागतात, श्रीरंगला दोन, आणि एक वर, ते ती नेहमीच जास्त वाढते, फोनचं. मी रिक्षात एकही खाल्लं नाही. घरीही नाही. तोंडात घातलं असतं तर ते बोलणं झालं असतं, आणि ते ऐकून घ्यायचा मला हक्क आहे की नाही हे मला ठरवता येईना.

आता तुमचा फोन संपला. सुरुची मॅडम मान हलवतायत, आत जा म्हणून. ही फाईल बघा माझ्या हातातली, तुमच्याच ऑफिसनं दिलेली, पारदर्शक, बटणाची, आत तिन्ही रंगांचे कागद. ही आमच्या गोखिवऱ्याच्या गाळ्यातली आहे. खालच्या डाव्या कोपऱ्यात चिकटलेल्या कडेत बुडबुडा राहिलाय, म्हणजे सेकंड माल, स्वस्तात उचललेला. माझ्या मशीनवर तसा बुडबुडा येत नाही. रेजिनाच्या मशीनवर येतो, डावीकडून दाब कमी आहे म्हणून. तिच्या हातची फाईल आहे ही, साहेब. तिनं चिकटवली आणि तुम्ही त्यात मला घालून दिलंत.

दार ढकलून मी आत गेले. तुम्ही वळलात. तोंड साधंच निघालं तुमचं, थकलेलं, गळ्यावर दाढी करताना कापलेलं. "केस नंबर?" म्हणालात. मी नंबर सांगितला नाही. टेबलावर तुमचं पत्र ठेवलं आणि त्याच्या शेजारी डबा ठेवून झाकण काढलं. वास सुटला. तुम्ही डब्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे. "हे काय आहे?"

तेच मी विचारायला आलेय. पत्रात तुम्ही लिहिलंय, तोंडी, फोनवर किंवा प्रत्यक्ष. ही सहा सुकेळी काल रेजिनानं मला पाठवली, एक शब्द न बोलता. तुमच्या कायद्यात हा संपर्क आहे का? हा माझा छळ आहे का? नसेल, तर तसं लिहा, या कागदाच्या पाठीवर, तिच्या नावानं, तीच लांब सही करून, म्हणजे मी आज संध्याकाळच्या आत गासला नेते. प्रोग्रॅम मोडू दे. फी ठेवा. फोन परत वाजू दे, मी उचलेन. पण हो की नाही ते आत्ता सांगा. मी उभी आहे.